‘डायवर’ कोणाला म्हणता?

मंडळी, या ग्रुपवर दोन वर्षं आठवणी वाचतोय. आजोबा हुजूर कचेरीत होते, पणजोबा लक्ष्मी विलास पॅलेसच्या देखभालीला होते, काका युनिव्हर्सिटीत, आत्या संगीत शाळेत. सगळं खरं आहे आणि वाचायला आवडतं. पण दांडिया बाजारपासून वाडीपर्यंतच्या मराठी घरांतून निघून ज्यांनी गेली चाळीस वर्षं या शहराची गटारं, पाइपलाइनी, पाये आणि तळघरं खणली, त्यांच्यावर एक पोस्ट नाही. कारण ते काम आपल्यात कोणी करतच नाही, असा आपला समज आहे. मी केलं. आठ वर्षं बॅकहोवर बसलो, नंतर सव्वीस वर्षं साइट सुपरवायझर. आता घरी आहे, म्हणून बोलतो.

गेल्या महिन्यात इथे एकाने लिहिलं, ‘आमच्या गल्लीत जेसीबीवाल्याने भिंत पाडली, हे बिहारी डायवर लोक शिकलेले नसतात.’ खाली एकशे चाळीस लाइक. त्या पोस्टला हे उत्तर.

पहिली गोष्ट, तो ड्रायव्हर नाही, ऑपरेटर आहे. गाडी रस्त्यावरून नेता आली म्हणजे माणूस ड्रायव्हर झाला. ऑपरेटरचं काम गाडी उभी राहिल्यावर सुरू होतं. साडेसात-आठ टनाचं मशीन, मागचा हात जमिनीखाली साडेचार मीटरपर्यंत जातो, आणि बकेटचे दात जिथे आहेत ती जागा त्याला दिसत नाही. त्याला कळतं ते लिव्हरच्या कंपातून आणि इंजिनच्या आवाजातून. विटांची ओळ लागली, त्याखाली वाळू लागली की हात थांबला पाहिजे, कारण विजेची केबल टाकताना वाळू पसरून वर विटा ठेवतात. पिवळी पट्टी वर आली की गॅस. काळी माती एकदम ओली आणि वास मारणारी लागली की जुनं गटार फुटतंय. हे नकाशात नसतं. जुन्या शहरात नकाशा असला तरी जमिनीखाली तसं नसतं. चांगला ऑपरेटर दिवसातून दहा वेळा थांबतो, आणि तेवढ्या वेळा वरून मालक ओरडतो, ‘अरे चालव ना, तासाचं भाडं चालू आहे!’

तासाचं भाडं हे या पोस्टचं मूळ आहे. मशीन तासावर येतं. त्यामुळे ज्याला घर बांधायचं त्याचा जीव तासात अडकतो. त्याला वाटतं थांबलेलं मशीन म्हणजे त्याचे पैसे खाणारं मशीन. मी उलट सांगतो. थांबता न येणारा ऑपरेटर तुम्हाला परवडत नाही. गॅसची लाइन फुटली तर तुमचा एक तास वाचलेला कोण मोजणार?

आता शिक्षणाबद्दल. हे लोक शिकलेले नसतात म्हणे. आपण सयाजीराव महाराजांचं नाव दिवसातून तीनदा घेतो. त्याच महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, गज्जर साहेब पहिले प्रमुख, आणि तिथे हाताचं काम शिकवलं, तेही देशी भाषेतून, कारण इंग्रजीशिवाय कारागीर शिकू शकतो हे त्यांना पटलं होतं. आज त्या इमारतीचा फोटो आपण अभिमानाने टाकतो. आणि हाताने मशीन चालवणाऱ्याचं स्थळ आलं की बायोडाटात ‘सिव्हिल लाइनमध्ये’ असं लिहितो. माझ्याही बायोडाटात माझ्या वडिलांनी तेच लिहिलं होतं. मुलीकडच्यांनी ‘इंजिनीयर का?’ विचारलं, तर वडील म्हणाले, ‘तसंच.’ तसंच नव्हतं.

शिकण्याचं म्हणाल तर ऑपरेटर घडतो तो खलाशी म्हणून. तीन-चार वर्षं ग्रीस मारायचं, डिझेल भरायचं, दात बदलायचे, पिना ठोकायच्या, आणि उस्ताद जेवायला गेला की पाच मिनिटं लिव्हर धरायची. आता या कामाला सर्टिफिकेट आहे, बांधकाम यंत्रांची स्किल कौन्सिल आहे. पण ते कोणी मागत नाही. घरासाठी टाइल निवडायला आपण चार दुकानं फिरतो, आणि पाया खणणाऱ्याला एक प्रश्न विचारत नाही.

एक गंमत सांगून पुढे जातो. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आपल्या हालोलच्या जेसीबी कारखान्यात आले आणि मशीनवर चढून हात हलवत फोटो काढून घेतले. आपल्या ग्रुपवर तो फोटो किती जणांनी टाकला! पंतप्रधान चढला तर गौरव, शेजारचा पोरगा चढला तर ‘शिकला नाही वाटतं’.

मजुरांचंही तेच. दाहोद, झाबुआ, पंचमहालहून येणारे लोक होळीला घरी जातात. पेरणीला जातात. ‘मजूर पळाले’ असं आपण म्हणतो. कोणी पळत नाही. होळीच्या आधी आठ दिवस साइट रिकामी होणार हे कोणत्याही सुपरवायझरला माहीत असतं, त्याने स्लॅबची तारीख तशी लावायची असते. नाही लावली तर तो सुपरवायझर कच्चा. सकाळी हजेरी, आठवड्याला खर्ची, उचल किती दिली त्याचा हिशोब, कोणाची बायको बाळंत होणार, कोणाच्या पोराला झोळी कुठे बांधायची. हे सगळं सांभाळल्याशिवाय काम होत नाही. झोळीचं मी माझ्या साइटवर पक्कं केलं होतं: मशीनचा हात फिरतो त्या घेरात पोर नाही, झोळी नाही, डबा नाही, झोपलेला माणूस नाही. बॅकहो मागे येताना ऑपरेटरला मागचं चाक दिसत नाही. इशारा देणारा एकच, तोही ठरलेला. मालक येतो, मोबाइल कानाला, एका हाताने ‘अजून थोडं, अजून थोडं’ करतो. अशा मालकांना मी बाहेर खुर्ची देऊन बसवलं आहे. काही रागावले. रागावू देत.

आता जे मूळ सांगायचं ते. माझ्या साइटपासून दोन गल्ल्या सोडून एका जुन्या वाड्याच्या जागी नवी इमारत उठत होती. ड्रेनेजसाठी चर खणली, दोन मीटरच्या वर खोल. एका बाजूला शेजारच्या वाड्याची भिंत, त्यामुळे माती टाकायला जागा नाही, सगळा ढीग चरीच्या काठावरच. वर दोन दिवस पाऊस. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पाणी मिळालं की फुगते, सुटते. फळ्या-बल्ल्यांचा आधार लावा असं तिथल्या मुकादमाने सांगितलं होतं. खर्चाला नकार मिळाला, ‘एका दिवसाचं तर काम आहे’ म्हणून. पाइपचा जोड द्यायला दोन पोरं खाली उतरली आणि कड आली.

ओरडा ऐकून आम्ही धावलो. लोक म्हणाले, मशीन आणा, मशीन आणा. मी मशीन आणू दिलं नाही. माणूस मातीत असताना बकेट लावायची नसते. हातांनी, घमेल्यांनी, पावड्याच्या मागच्या बाजूने माती काढायची. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड बाहेर असूनही श्वास घेऊ शकत नाही, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. एक पोरगा वाचला. दुसरा एकोणीस वर्षांचा होता, दाहोदकडचा.

पोलिसांत नाव कोणाचं गेलं? ऑपरेटरचं. कड आली तेव्हा मशीन बंद होतं, तो चाळीस मिनिटांपूर्वी उतरून चहाला गेला होता. झारखंडचा चोवीस वर्षांचा पोरगा, जामिनाला उभं राहायला शहरात कोणी नाही. फळ्या नको म्हणणाऱ्याचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. आणि पंधरा दिवसांनी आपल्याच एका लग्नात, पंगतीत, मी ऐकलं: ‘जेसीबीवाल्याने मारला म्हणे एकाला.’ बोलणारा आपला माणूस, शिकलेला, निवृत्त.

आता काही जण म्हणतील, हे बिल्डरचं, कंत्राटदाराचं पाप, आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या वाड्यांचं रीडेव्हलपमेंट आपणच सह्या करून देतोय. करारात पार्किंग किती, कार्पेट किती, लिफ्ट कोणत्या कंपनीची, सगळं वाचतो. खणायच्या पद्धतीचं एक वाक्य कोणी वाचतं का? भारतीय मानक स्पष्ट आहे: दीड मीटरपेक्षा खोल चरीला आधार द्या किंवा कडा उतरत्या कापा, काढलेली माती काठापासून दीड मीटर, किंवा खोलीच्या निम्मं अंतर, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब ठेवा. यात न समजण्यासारखं काय आहे? जागा नसेल तर माती ट्रॅक्टरने बाहेर न्यायची. फेऱ्यांचे पैसे लागतात, म्हणून नेत नाहीत.

दुसरं, १९९६ सालीच बांधकाम कामगारांचा कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस लागला, त्यातून त्यांच्या आजारपणाला, अपघाताला, पोरांच्या शिक्षणाला मदत ठेवली. वयाची अठरा ते साठ आणि वर्षात ९० दिवस काम, एवढीच नोंदणीची अट. त्या ९० दिवसांच्या दाखल्यावर सही द्यायला सुद्धा लोक टाळतात, कारण सही दिली की हा माणूस आपल्याकडे होता हे कागदावर येतं. दाहोदच्या त्या पोराची नोंदणी नव्हती. तो साइटवर पाच महिने होता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात आली तेव्हा आपण सगळे गच्चीवर होतो. पुढच्या उन्हाळ्यात नदीच्या पात्रात पोकलेन उतरल्या, गाळ निघाला, पात्र रुंद झालं. पुलावर उभं राहून आपण व्हिडिओ काढले. मे महिन्यातल्या उन्हात, मगरींच्या नदीत, दिवसभर त्या केबिनमध्ये जे बसले होते त्यांतल्या एकाचं तरी नाव इथे कोणाला माहीत आहे? मला तिघांचं माहीत आहे. एक माझ्याकडे खलाशी होता. त्याचा बाप मराठी, वाडीतला. आपल्यापैकी एकाच्या भाच्याचा वर्गमित्र. तो या ग्रुपमध्ये नाही, कारण त्याला कोणी घेतलंच नाही. ॲडमिन, मी आज नंबर पाठवतोय, घ्या.

आणि दिवाळीनंतर ज्यांच्या वाड्यांचं खणकाम निघणार आहे त्यांनी मला बोलवा. शेजारची भिंत, मातीचा ढीग आणि बल्ल्या एवढं बघून जाईन, पैसे नकोत. फक्त ऑपरेटर जेवायला बसलेला असताना बोलवा, म्हणजे त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील.