उष्टावण झाली, पुढे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील (२०१९-२१) दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना निव्वळ स्तनपान मिळते. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांत मात्र पुरेसा आहार जेमतेम ११.३ टक्क्यांना. म्हणजे मोठी घसरण सहाव्या महिन्यानंतर होते.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसणारी कारणे मुख्यतः दोन. उष्टावण होते, पण वाटीत येते वरणाचे वरचे पाणी किंवा पातळ पेज. त्याने पोट भरते, वाढ होत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही असा मऊ वरणभात, त्यात थोडे तूप किंवा तेल, कुस्करलेली भाजी, चालत असेल तर शिजवलेले अंडे द्यावे. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा. आईचे दूध किमान दोन वर्षे चालूच.

दुसरे कारण वेळेचे. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. भरवायला लागायच्या सुमारास तीही संपते. शेतमजूर आणि घरकामगार आईला तर बहुधा तेवढीही नाही. अंगणवाडीतून शिधा घरी येतो, भरवणारे माणूस येत नाही. म्हणून पाळणाघर हा पोषणाचाच प्रश्न मानायला हवा.