डॉक्टर आणि झोपेत चालणारा

जोकरचा नवा सिनेमा आला की एक रील हमखास फिरायला लागतं. काळा-पांढरा फोटो, गालफाडं फाटेपर्यंत ताणलेलं हसू, मागे भयाण संगीत आणि वर ओळ: 'जोकरचा खरा बाप'. फोटो कॉनराड फाइटचा असतो, १९२८च्या 'द मॅन हू लाफ्स'मधला. माहिती चूक नाही. १९४० साली बॅटमनच्या कॉमिकमध्ये जोकर अवतरला, तो याच चेहऱ्यावरून. डिस्नेच्या 'अल्लादीन'मधल्या जाफरवरही फाइटची छाप आहे. खाली आगीचे इमोजी, 'लेजंड', आणि अंगठा पुढच्या रीलवर. (आडनावाचा उच्चार खरंच 'फाइट' आहे. त्यावरचे पीजे कॉलेजात करून झालेत.)

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण मागच्या वेळी कमेंटमध्ये एकाने लिहिलं होतं, 'तेव्हाचे नट बघा, नुसती अॅक्टिंग. आजच्यांसारखं राजकारणावर ज्ञान पाजळत नव्हते.' त्याला हजारांत लाइक. फाइटच्या फोटोखाली हे लिहिणं म्हणजे गाडगेबाबांच्या फोटोखाली 'तेव्हाचे संत बघा, नुसतं कीर्तन, समाजाविषयी अवाक्षर नाही' असं लिहिण्यासारखं आहे.

'नटाने नट राहावं' हे वाक्य आपल्याकडे दर महिन्याला कुणाच्या तरी तोंडावर फेकलं जातं. मला ते खोटं वाटतं. कारण नट राहूनही दोन वेगवेगळी आयुष्यं जगता येतात, आणि त्याचा पुरावा एकाच सिनेमात, एकाच फ्रेममध्ये उभा आहे.

तो सिनेमा म्हणजे 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'. फेब्रुवारी १९२०, बर्लिन. जत्रेत एक डॉक्टर येतो. त्याच्याकडे उभी पेटी असते आणि पेटीत झोपेत चालणारा सेझारे. डॉक्टर सांगेल तेव्हा तो डोळे उघडतो, सांगेल तिथे जातो, सांगेल त्याला मारतो. वाकड्या भिंती, रंगवलेल्या सावल्या, आणि त्यात काळ्या घट्ट कपड्यांतला तो सडपातळ माणूस भिंतीला घासत चालतो. एका रात्री त्याला एका मुलीला मारायला पाठवलेलं असतं. तो सुरा उचलतो आणि हात थांबतो. संपूर्ण सिनेमात त्याने स्वतःचं असं केलेलं हे एकच. मूकपट बघायचा कंटाळा असेल तर निदान तेवढा प्रसंग बघा.

सेझारे म्हणजे फाइट. डॉक्टर कॅलिगरी म्हणजे वेर्नर क्राउस. दोघंही बर्लिनच्या रंगभूमीवर माक्स राइनहार्टच्या हाताखाली तयार झालेले, दोघंही असामान्य नट. पुढच्या वीस वर्षांत दोघांनी काय केलं ते बघू.

फाइटने कॅलिगरीच्या आदल्याच वर्षी 'अँडर्स आल्स दी आंडर्न' नावाचा सिनेमा केला होता. 'इतरांपेक्षा वेगळे' असा त्याचा अर्थ. त्यात तो समलिंगी व्हायोलिनवादक आहे, ब्लॅकमेलमुळे आयुष्यातून उठलेला. जर्मनीत तेव्हा कलम १७५ होतं, आपल्या ३७७चं भावंड. डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड या सिनेमाच्या लेखनात होते आणि स्वतः पडद्यावर येऊन कलमाविरुद्ध बोलतात. १९१९ साली! १९२० मध्ये त्याच्या जाहीर खेळांवर बंदी आली, पुढे नाझींनी प्रती नष्ट केल्या, आज फक्त तुकडे उरलेत. आपल्या सुप्रीम कोर्टाने ३७७चा तो भाग रद्द केला २०१८ मध्ये. म्हणजे नव्याण्णव वर्षांनी.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फाइटने लिली प्रेगर या ज्यू बाईशी लग्न केलं आणि देश सोडला. सरकारी फॉर्मवर वंशाच्या रकान्यात, स्वतः ज्यू नसताना, त्याने 'ज्यू' लिहिलं असा एक किस्सा नेहमी सांगतात. किस्सा झकास आहे, पण मला किस्स्यांपेक्षा लॉग फाइल जास्त पटते. आणि त्याची लॉग फाइल म्हणजे त्याचे सिनेमे. १९३४ मध्ये त्याने ब्रिटनमध्ये 'ज्यू झ्यूस' केला. अठराव्या शतकात व्युर्टेंबर्गच्या ड्यूकचा आर्थिक सल्लागार असलेला ज्यू, ज्याला १७३८ मध्ये जाहीर फाशी दिलं गेलं, त्याची ही गोष्ट. सिनेमा उघडपणे ज्यूंच्या छळाविरुद्ध होता. हे काम स्वीकारल्यावर जर्मनीत परतीची वाट बंद होणार हे त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

आता क्राउस. गोबेल्सच्या आशीर्वादाने फाइट हार्लानने १९४० मध्ये त्याच माणसाच्या नावाने सिनेमा काढला, 'युड झ्यूस'. (याचं 'फाइट' हे पाळण्यातलं नाव, आपल्या नटाशी नातं नाही.) गोष्ट तीच, फक्त उलटी केलेली: ज्यू म्हणजे कपटी, लोभी, बायकांना नासवणारा. मुख्य भूमिका दुसऱ्याची, पण बाकीची महत्त्वाची ज्यू पात्रं, धर्मगुरूपासून कारकुनापर्यंत, एकट्या क्राउसने केली. प्रत्येकाचं पोक वेगळं, आवाज वेगळा. हिमलरने एसएस आणि पोलिसांना हा सिनेमा दाखवायचा हुकूम काढला. साधारण दोन कोटी लोकांनी तो पाहिला. जर्मनीत आजही तो प्रास्ताविक आणि चर्चेशिवाय दाखवता येत नाही.

क्राउसने वाईट अभिनय केला असता तर बरं झालं असतं. 'नुसती अॅक्टिंग' केली की काय होतं ते इथे दिसतं.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: फाइट स्टार होता, त्याला ब्रिटनमध्ये काम होतं, त्याला परवडलं. हे अर्धं खरं आहे. योआखिम गोटशाल्क या नटाची बायकोही ज्यू होती. तो जर्मनीतच राहिला आणि घटस्फोट द्यायला नकार देत राहिला. बायको-मुलाला आता पाठवून देणार हे कळल्यावर, नोव्हेंबर १९४१ मध्ये, तिघांनी मरण पत्करलं. त्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे छाती ठोकून सांगणारा माणूस एक तर लबाड असतो, नाही तर बावीस वर्षांचा. पण क्राउस काही कोपऱ्यात सापडलेला गोटशाल्क नव्हता. तो 'राज्य-अभिनेता' किताबाचा मानकरी होता, नाझींच्या नाट्यसंस्थेचा उपाध्यक्ष राहिलेला होता. स्टार असल्यामुळे नकार परवडणाऱ्यांत तोही होताच.

'मी फक्त माझं काम केलं' हे वाक्य मी ओळखतो, कारण ते मी स्वतः म्हटलंय. एका जुन्या नोकरीत डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचा इन्सेंटिव्ह कधी कापायचा हे ठरवणारं मॉड्यूल माझ्याकडे होतं. टिकेट आलं, मी बंद केलं. कोड स्वच्छ होता, रिव्ह्यूत कौतुकही झालं. १९४० शी याची तुलना करण्याइतका मी मूर्ख नाही. पण एका मित्राने त्याबद्दल विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालेलं वाक्य शब्दशः तेच होतं, आणि ते किती सहज निघालं याची मला अजून लाज वाटते.

फाइटलाही देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. १९२१च्या 'दास इंडिशे ग्राबमाल'मध्ये तो चेहरा काळवंडून भारतीय महाराजा झालाय. ते प्रकरण आज बघताना आधी हसू येतं आणि मग चीड. १९४०च्या 'थीफ ऑफ बगदाद'मधला त्याचा जाफर म्हणजे युरोपने रंगवलेला पूर्वेकडचा खलनायकच, समोर मैसूरकडचा आपला साबू. तेव्हा ही झूल अंगावर घेताना त्याला काही खटकलं असेल असं दिसत नाही.

पण हॉलिवूडने त्याला नाझींच्या भूमिका दिल्या, 'बिचारा टाइपकास्ट झाला', ही हळहळ मला मान्य नाही. नाझी करायचा तर तो खलनायकच असला पाहिजे, अशी त्याची अट होती. 'कॅसाब्लांका'तला मेजर स्ट्रासर बघा. आरडाओरडा नाही, वेडेपणा नाही. नीट इस्त्रीचा गणवेश, सभ्य बोलणं, आणि समोरच्याचा जीव आपल्या मुठीत आहे याची शांत खात्री. ज्यांच्यापासून तो पळाला होता त्यांना त्याने जवळून पाहिलं होतं. कमाईतला मोठा वाटा तो ब्रिटनच्या युद्धनिधीला देत होता. एप्रिल १९४३ मध्ये लॉस एंजेलिसला गोल्फ खेळता खेळता हृदयविकाराने तो गेला, वय पन्नास. हिटलर हरलेला त्याने पाहिला नाही.

१९५२ मध्ये 'कॅसाब्लांका' पश्चिम जर्मनीत लागला. डबिंग करताना वीसेक मिनिटं कापली होती. नाझी गायब, स्ट्रासर गायब. प्रतिकार चळवळीचा नेता लाझलो चक्क नॉर्वेचा शास्त्रज्ञ झाला होता. म्हणजे फाइटच्या मायदेशातल्या प्रेक्षकाने तिकीट काढून जो सिनेमा पाहिला, त्यात फाइट नव्हताच. कुणाला त्रास नको म्हणून.

आणि १९५४ मध्ये वेर्नर क्राउसला इफलांड अंगठी मिळाली. जर्मन भाषेतल्या रंगभूमीवरच्या सर्वश्रेष्ठ नटाची, मरेपर्यंत जवळ ठेवायची. अभिनयासाठी, फक्त अभिनयासाठी. १९५९ मध्ये तो व्हिएन्नात वारला तेव्हाही ती त्याच्याकडेच होती.