मजुराचे मूल आणि त्याची पहिली भाषा

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, पळ्ळिक्करणैच्या दलदलीला लागून पेरुंगुडी हे उपनगर आहे. एके काळचे हे गाव २०११ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. जुन्या महाबलिपुरम रस्त्याच्या कडेने संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उठल्या, आणि अशा बांधकामांवर ओडिशा, बिहार, बंगाल, आंध्र अशा प्रांतांतून मजूर येऊ लागले. काम चालू असेपर्यंत पत्र्याच्या खोपटांत राहावयाचे आणि ते संपले की दुसरीकडे जावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. कित्येकांबरोबर बायकामुले असतात. अशा मुलांविषयी एक मत पुष्कळदा ऐकू येते, की ती उशिरा बोलतात, त्यांना धड कोणतीच भाषा येत नाही. हे मत चुकीचे आहे. आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

तीन वर्षांचे एक ओडिया मूल अंगणवाडीत नव्यानेच आले आहे, अशी कल्पना करावी. तहान लागली म्हणजे ते ‘पाणि’ म्हणते. मराठी वाचकास हा शब्द तत्काळ कळेल. परंतु तेथील सेविका तमिळ आहे, आणि तिच्या भाषेत पाण्याला ‘तण्णीर’ म्हणतात. दोनतीनदा मागूनही कोणी लक्ष देत नाही असे पाहून मूल गप्प होते. पुढे ते गप्पच राहते, आणि त्याच्याविषयी ‘बोलत नाही’ असा शेरा पडतो. त्या मुलापाशी शब्द होता. उणीव होती ती ऐकणाऱ्याची.

मूल भाषा शिकू लागते ते पहिला शब्द उच्चारण्याच्या पुष्कळ आधी. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस ह्या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजीभाषक घरांतील अर्भकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ह्यांसारखे ध्वनी ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना हा भेद कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकी फार थोड्यांना तो कळला. इंग्रजीत ह्या भेदाला अर्थ नसल्यामुळे वर्ष पुरे होण्याच्या आतच कान त्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. अर्थात भोवतालची माणसे काय बोलतात, ह्याचा हिशेब मूल पाळण्यातच करू लागलेले असते. ओडिया आईच्या मांडीवरील बालकही तो करीतच असते. गरिबीमुळे त्याची ही शक्ती कमी होत नाही.

मग गरीब घरांतील काही मुलांचा शब्दसंग्रह लहान का आढळतो? अमेरिकेतील हार्ट व रिस्ले ह्यांनी १९९५ साली असे मांडले, की चार वर्षांच्या वयापर्यंत संपन्न घरातील मूल गरीब घरातील मुलापेक्षा सुमारे तीन कोटी शब्द अधिक ऐकते. हा आकडा जगभर गाजला. पण त्यांनी अभ्यासिलेली कुटुंबे अवघी ४२ होती आणि त्यांपैकी सरकारी साहाय्यावर जगणारी केवळ सहा. एवढ्या आधारावर सर्व गरिबांना अबोल ठरविणे उतावीळपणाचे झाले. ह्याहून उद्बोधक काम कॅलिफोर्नियात ॲड्रियाना वाइसलेडर व ॲन फर्नाल्ड ह्यांनी केले. त्यांनी २९ स्पॅनिशभाषक कुटुंबे घेतली, आणि तीही अल्प उत्पन्नाचीच. एकोणीस महिन्यांच्या मुलांच्या अंगरख्याच्या खिशात लहानसे ध्वनिमुद्रण-यंत्र ठेवून त्यांनी दिवसभराचे बोलणे टिपले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. एका घरात दिवसभरात मुलाला उद्देशून बारा हजारांवर शब्द बोलले गेले होते. दुसऱ्या घरात जेमतेम ६७०. गरिबी सारखी, भाषा सारखी, आणि अंतर एवढे! ज्यांच्याशी अधिक बोलले गेले ती मुले ओळखीचे शब्द अधिक चपळाईने ओळखीत, आणि दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांचा शब्दसंग्रहही मोठा होता. मोठ्या माणसांचे आपसांतील बोलणे नुसते कानावर पडल्याचा तसा लाभ दिसला नाही.

पेरुंगुडीच्या खोपटाकडे ह्या दृष्टीने पाहावे. आई सकाळपासून विटा आणि वाळू वाहते. तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. गावी आजी, काकू, शेजारीण अशी बोलणारी माणसे होती, ती मागे राहिली. संध्याकाळी दमून आलेल्या आईला ‘मुलाशी बोलत जा’ असा उपदेश करणे सोपे आहे. त्यात शहाणपणा मात्र फारसा नाही. हातात मोबाइल देऊनही भागत नाही. पॅट्रिशिया कूल ह्यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बालके चिनी ध्वनी प्रत्यक्ष माणसाकडून शिकली. तेच बोलणे चित्रफितीवरून ऐकविले, तेव्हा शिकली नाहीत.

तेव्हा उपाय शोधावयाचा तो कामाच्या जागीच. १९९६ च्या बांधकाम-कामगार कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी आणि ती बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असावी, असा दंडक घातला. त्या स्त्रियांनी मुलांशी कोणत्या भाषेत बोलावे ह्याविषयी तेथे अक्षर नव्हते. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन ह्यांनी बांधकामावरच पाळणाघर उघडले. त्याच्याही आधी, १९४५ पासून, ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी बोर्डीच्या परिसरात आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली होती. मुलाने शाळेकडे यावे ह्याऐवजी शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. भाषेच्या बाबतीत तोच पुढे न्यावयाचा आहे.

मजुरांच्या वस्तीतीलच एखादी स्त्री, ओडिया मुले पुष्कळ असतील तेथे ओडिया, पाळणाघरात तमिळ सेविकेच्या जोडीला बसवावी. तिने मुलांना न्हाऊमाखू घालावे, भरवावे आणि ते करताना बोलत राहावे. ह्यावर असा आक्षेप येतो, की मुलांना अखेर तमिळ शाळेतच जावयाचे आहे. ते खरेच आहे. तामिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळांत पहिलीपासून तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीची केली, आणि त्या गावात वाढणाऱ्या मुलास ती आलीच पाहिजे. पण दोन भाषा एकदम शिकणे बालकास जड जात नाही. भारतात ते घरोघरी घडते. शिवाय ‘पाणि’ म्हणताच जिथे पाणी मिळते, तिथे ‘तण्णीर’ ऐकावयास मूल अधिक राजी असते. एकाच बांधकामावर चार भाषा असल्या तर काय, ही अडचण खरी आहे. सर्व भाषांची सोय प्रत्येक ठिकाणी होणार नाही. जेथे एका भाषेची पाचसहा मुले आहेत तेथून तरी आरंभ करता येईल.

राहिला प्रश्न पैशाचा. विटा वाहून जी मजुरी मिळते तेवढी पाळणाघरात मिळाली नाही, तर कोणतीही शहाणी बाई तेथे येणार नाही. तिलाही घर चालवावयाचे आहे. इमारतीच्या अंदाजपत्रकात परांचीच्या बांबूंचा खर्च धरतात. ह्या एका बाईची मजुरी त्याच पानावर, त्याच्या खालच्या ओळीत लिहावी.