बाहेरचं बाकडं

"मॅडमना आत जाता येईल. सरांना नाही."

काउंटरवरच्या मुलीने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं, की आपल्याला नकार मिळालाय हे कळायला मला थोडा वेळ लागला. वास्तविक ज्याची उभी हयात बँकेत गेली, त्याला गोड नकाराचं नवल वाटू नये. त्या विद्येत आम्हीही काही कमी नव्हतो. फरक एवढाच, की आजवर मी काउंटरच्या पलीकडे असे.

झालं होतं असं. आमची मुलगी जर्मनीत असते. गेल्या फेब्रुवारीत तिच्याकडे जायचं ठरलं. हिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेला अजून वर्ष झालेलं नव्हतं. नऊ तास पाय दुमडून बसायला नको, म्हणून जावयांनी आपल्या साठलेल्या पॉइंटांवर सासूबाईंसाठी बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. पॉइंट एकाच तिकिटाला पुरले. मी आपला मागे, नेहमीच्या वर्गात. बारामतीहून जेवून निघालो, मोरगाव, जेजुरी, सासवड करत पुणं गाठलं आणि तिथून द्रुतगती मार्गाने रात्री मुंबईच्या विमानतळावर पोचलो. विमान मध्यरात्रीनंतरचं. चाकाची खुर्ची घेऊन आलेल्या मुलाने तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला लाउंज आहे." आजींना वाटलं, आणखी एखादी तपासणी असेल.

पाहुणा म्हणून मला आत जायचं असेल तर साडेचार हजार रुपये, असं त्या मुलीने सांगितलं. मी हिला म्हटलं, "तू जा, मी बाहेर बसतो." ही म्हणाली, "मी एकटी तिथं काय करू? त्यापेक्षा तुमच्याजवळ बसते." खुर्ची ढकलणारा मुलगा एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. १९८१ साली मी बँकेत कारकून म्हणून लागलो, त्या वेळच्या माझ्या पहिल्या पाच पगारांएवढी ती रक्कम होती. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. खोड जात नाही. मग पैसे भरले.

आत काय असतं, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावलांचा आवाज होऊ न देणारा गालिचा. अंगाखाली दबणाऱ्या खुर्च्या, दोन खुर्च्यांमध्ये एक दिवा. एका भिंतीशी गरम पदार्थांची भांडी, दुसरीकडे चीजचे तुकडे, फळं आणि ओळीने मांडलेल्या बाटल्या. आंघोळीची सोय. वर्तमानपत्रांची चळत, तिला कोणी हात लावलेला नव्हता. हिने एक इडली खाऊन पाहिली आणि निकाल दिला, "गार आहे." पदार्थांचं म्हणाल तर आमच्या भिगवणला महामार्गावरच्या ढाब्यात याहून चांगली मासळी मिळते.

पण मला सगळ्यात जास्त जाणवली ती शांतता. विमान सुटण्याची घोषणासुद्धा तिथे होत नाही. पडद्यावर आपणच बघत राहायचं. बाहेर पोरं रडत होती, कोणाच्या तरी बॅगेचं चाक निखळलं होतं, आखातात कामाला निघालेल्या तरुणांचा घोळका भिंतीशी जमिनीवर बसला होता. दोन्हींत एक काचेचं दार. साडेचार हजारांत मी जे विकत घेतलं होतं ते जेवण नव्हे, खुर्ची नव्हे. बाहेरच्या त्या सगळ्यांबरोबर वाट न बघण्याची ती किंमत होती.

ही कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये असा पहिला कक्ष उघडला. नाव 'ॲडमिरल्स क्लब', आणि सुरुवातीला प्रवेश फक्त कंपनीने निवडून बोलावलेल्या बड्या असामींना. वर्गणी भरा आणि आत या, ही सोय पुढे झाली. मोठी माणसं निवांत भेटतील, चार गोष्टी बोलतील, कामं होतील, असा अशा कक्षांबद्दलचा समज. योगायोग बघा, त्याच १९३९ मध्ये आमच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे संस्थापक वालचंद हिराचंद यांची पॅसिफिकवरून जाणाऱ्या विमानात विल्यम पॉली या विमानांच्या धंद्यातल्या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली, आणि त्या ओळखीतून पुढच्या वर्षी डिसेंबरात बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' हा विमानांचा कारखाना उभा राहिला. आम्ही होतो त्या लाउंजमध्ये मात्र कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं होतं.

दुसऱ्या प्रकारचे लाउंज बँकांच्या कार्डांवर चालतात, ते आपल्या मध्यमवर्गाला आता चांगलेच परिचित आहेत. दोन रुपये कापून घेऊन आत सोडतात म्हणून लोक त्याला फुकट म्हणतात. बँकिंगमध्ये फुकट असं काही नसतं, हे माझ्याकडून लिहून घ्या. प्रत्येक डोक्यामागे बँक लाउंजवाल्याला पैसे देते, ते कुठल्या तरी व्याजातून, कुठल्या तरी शुल्कातून वसूल होतात. गर्दी वाढली तशी २०२३-२४ पासून अनेक बँकांनी अट घातली: आधीच्या तिमाहीत कार्डावर अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश. गर्दी टाळायला निघालेल्यांची अशा लाउंजच्या दाराशी रांग लागलेली मी पाहिली आहे. त्या रांगेत माणसं जितकी अस्वस्थ दिसतात तितकी एस.टी.च्या रांगेतही दिसत नाहीत. आपण रांगेतले नव्हेत, अशी त्यांची समजूत करून दिलेली असते ना!

मऊ खुर्चीत बसून मी हे सगळं मनात मांडत होतो, आणि डोळ्यांपुढे येत होतं एक लाकडी बाकडं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. माझ्या केबिनबाहेर भिंतीला लागून ते बाकडं असे. त्याचा एक पाय मोडलेला, खाली दोन विटा लावलेल्या. पीककर्ज, विहिरीचं कर्ज, बेबाकीचा दाखला, असल्या कामांना आलेली माणसं तिथे बसत. साखर कारखान्याचे संचालक, खताचे दुकानदार, पतसंस्थेचे अध्यक्ष कधी त्या बाकड्यावर बसले नाहीत. ते थेट आत येत. आत पंखा होता, चहा होता. माझी केबिन म्हणजे त्या गावातला लाउंजच होता, फक्त त्याला तसं म्हणत नसत.

एक दिवस उजनीच्या पाण्यात जुनं गाव गेलेला एक म्हातारा दाखल्यासाठी सकाळी दहाला येऊन बसला. माझ्याकडे एकामागून एक मंडळी येत राहिली. मध्ये दोनदा मी त्याच्या समोरून गेलो. तो उठून उभा राहिला, मी 'बसा, बोलावतो' म्हणालो. सही करायला मला दोन मिनिटं लागली असती. सही झाली साडेपाचला. दुसऱ्या दिवशी आमच्या शिपायाने सहज सांगितलं, की म्हाताऱ्याची शेवटची गाडी चुकली, तो रात्री एस.टी. स्टँडवर झोपला. शिपायाच्या आवाजात तक्रार नव्हती. मीही 'अरेरे' म्हणून पुढच्या कागदाला हात घातला.

त्या बाकड्याखालच्या विटा माझ्या डोळ्यांदेखत तीन वर्षं तशाच होत्या. नवीन बाकडं घेण्याचा अधिकार मला होता, खर्चाला तरतूदही होती. पण तक्रार कोणाची नव्हती. ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली गेली असती ते बाकड्यावर बसत नव्हते आणि जे बसत होते ते तक्रार करत नव्हते. मग एकदा वरच्या कार्यालयातून तपासणीला आलेले साहेब, मी बाहेर गेलेलो असल्यामुळे, दहा मिनिटं त्या बाकड्यावर बसले. पुढच्या आठवड्यात नवीन बाकडं आलं.

माझं म्हणणं लाउंज बंद करा असं नाही. ज्याने महाग तिकीट काढलं त्याला मऊ खुर्ची मिळाली, तर कोणाचं काय बिघडलं? आजारी, वयस्कर माणसाला तर ती मिळायलाच हवी. हिचे गुडघे मी पाहतो आहे. माझी भीती वेगळी आहे. ज्यांचा शब्द वरपर्यंत पोचतो ती माणसं एकदा काचेच्या दाराआड गेली, की बाहेरच्या विटा कोणाच्या नजरेला पडणार? शाळांचं तेच झालं, दवाखान्यांचं तेच झालं. विमानतळावरच्या चहाच्या भावाची कुरकुर लोक वर्षानुवर्षं करत होते. तो विषय संसदेत निघाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारा 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. मात्र त्यासाठी बोलणाऱ्याने तो महाग चहा बाहेरच्या बाकड्यावर बसून एकदा तरी प्यायला हवा.

हे विचार चालले असतानाच शेजारून आवाज आला, "साहेब, ओळखलं का?"

चाळिशीचा, जाकिटातला माणूस. मी ओळखलं नाही. बोरीकडची त्याची द्राक्षबाग, स्वतःचा माल स्वतः निर्यात करतो, बर्लिनच्या फळांच्या जागतिक प्रदर्शनाला निघाला होता. त्या शांत खोलीत त्याचा मोकळा आवाज घुमला तशा दोन-तीन माना वळल्या. त्याला पर्वा नव्हती. मोठ्या हौसेने तो सांगू लागला. माल तोडला की त्याला आधी प्रीकूलिंग, मग शीतगृह, मग थंड कंटेनर, मग जहाज. "आमच्या द्राक्षांना हा लाउंज कधीपासूनच आहे साहेब, आम्हाला आत्ता मिळाला!" असं म्हणून तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "आमचे आप्पा तुमच्या शाखेत यायचे. बाहेर बाकड्यावर बसायचे. मी लहान होतो, बरोबर असायचो. तुम्ही दार उघडलं की आतली गार हवा यायची, ते अजून आठवतंय."

बोलण्यात खोच नव्हती. जुन्या ओळखीतला माणूस भेटला याचा निव्वळ आनंद होता. त्याच्या आप्पांचा चेहरा मी आठवून पाहिला, आठवला नाही. तुमचं जुनं गाव पाण्यात गेलं होतं का, एवढं विचारावं असं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. आप्पा कसे आहेत, एवढंच विचारलं. "गेले, सहा वर्षं झाली," तो म्हणाला, आणि आमच्यासाठी कॉफी आणायला उठला.

हिचं लक्ष मात्र दाराकडे होतं. खुर्ची आणणारा मुलगा तिला आत सोडून बाहेर काचेपाशी उभा होता. निघायची वेळ झाल्यावर तो आत आला, तेव्हा ही म्हणाली, "आधी चहा घे बाळा." तो म्हणाला, "आम्हाला इथलं चालत नाही, आजी." रोज कितीतरी माणसांना तो त्या दारातून आत नेतो. एका रिकाम्या खुर्चीवर टेकावं, एवढीही मुभा त्याला नव्हती. हिने तिथल्या मुलीला विचारून पाहिलं. तिचा तोच गोड आवाज, तेच उत्तर. नियम म्हणजे नियम. मीही तेच सांगितलं असतं.

बाहेर आल्यावर हिने पिशवी उघडली. मुलीसाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू स्टीलच्या डब्यात होते. दारापासून दहा पावलांवर तिने त्याच्या हातावर तीन ठेवले. तो सातारकडचा निघाला. एक त्याने तिथेच खाल्ला आणि दोन शर्टाच्या खिशात घातले.

फाटकावर हिला वेगळ्या बाजूने आधी आत नेलं. मी पाचव्या गटात होतो. मागच्या बाजूची रांग बरीच लांब होती, आणि त्या आखाती तरुणांचं विमान आमच्या शेजारच्याच फाटकावर उशिरा सुटणार होतं, ते अजून जमिनीवरच होते. विमानात शिरल्यावर पडद्यापलीकडे ही मला ओझरती दिसली, पाय लांब करून बसलेली, चेहऱ्यावर थोडं अवघडलेपण.

दोनेक तासांनी दिवे मंद झाले. माझा डोळा लागत होता तेवढ्यात खांद्यावर हात पडला. खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ही पडद्यापलीकडून पार माझ्या ओळीपर्यंत आली होती.

"अहो, बीपीची गोळी घेतलीत का?"