आठवणी कोणी लिहाव्यात?

जबलपूरच्या ग्वारीघाटावर चातुर्मास सोडला तर बहुतेक महिने परिक्रमावासी दिसतात. खांद्याला झोळी, हातात काठी आणि नर्मदामाई सदैव उजव्या हाताला. त्यांत मराठी माणसेही असतात. घरी परतल्यावर त्यांच्यापैकी अनेकजण आपले अनुभव लिहून काढतात. मराठीत अशी पुस्तके आता पुष्कळ झाली आहेत. काही पुस्तकांत नदी भेटते, काठावरची माणसे भेटतात. काहींत मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकटा लेखकच भेटतो. त्याच्या पायांना किती फोड आले, कोणी त्याला नमस्कार केला, कोठे त्याला साक्षात्कार झाला, एवढ्याच त्याच्या नोंदी!

प्रसिद्धी लाभलेल्यांच्या आठवणींत हा दोष अधिक ठळकपणे दिसतो. दोनचार चित्रपटांत झळकलेला नट, एखादा हंगाम गाजवलेला खेळाडू, अल्पकाळ मंत्रिपद भोगलेला पुढारी, इतकेच नव्हे तर तुरुंगवास भोगून आलेला कुप्रसिद्ध गुन्हेगारही आज आत्मकथन प्रसिद्ध करतो. पुष्कळदा लेखणी दुसऱ्याची असते; नाव तेवढे त्याचे. अशी पुस्तके अनावश्यक आहेत, असे आपण सहज म्हणून जातो. पण ती अनावश्यक का ठरतात? ‘हा माणूस लहान आहे, याने आत्मकथा कशाला लिहावी?’ असे कारण कोणी दिले, तर ते मला मान्य नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला. सेनापतींच्या खलित्यांत न सापडणारी झाशी त्यात सापडते. भयभीत झालेली, लुटली जाणारी, तरीही जगू पाहणारी. फलटणला लहानसे दुकान चालवणाऱ्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात लेखिकेपेक्षा तिचा समाज मोठा आहे. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ साली नर्मदाकाठाने चालू लागले. जबलपूर ते मंडला हा त्यांच्या पदयात्रेचा पहिला टप्पा. पुढे बरगी धरणाचे पाणी त्या काठावर पसरले. बुडालेली ती वाट आज पाहायची तर त्यांच्या लेखनातच पाहावी लागते.

यांपैकी कोणीही लिहिण्यापूर्वी प्रसिद्ध नव्हते. तरीही त्यांच्या आठवणी आवश्यक ठरल्या, कारण त्यांची नजर स्वतःवर खिळून राहिली नाही. लेखकाने स्वतःपलीकडे काय पाहिले, हीच आठवणींची खरी कसोटी होय.

कुप्रसिद्धांच्या आठवणींचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याचेही एक जुने उदाहरण जबलपूरचेच आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याचे ठाणे येथे होते. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांशी झालेले संवाद आणि त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश त्याने १८३६ साली ‘रामसियाना’ या पुस्तकात छापला. पाठोपाठ १८३९ साली मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला निघाली आणि विलायतेत ती आवडीने वाचली गेली. फाशी टळावी म्हणून बोलणारा माणूस कितपत खरे बोलला असेल, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मला मात्र दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. मारणाऱ्यांचे शब्द पानोपानी नोंदले गेले. वाटेत गळा आवळून मारल्या गेलेल्या वाटसरूंना जबानी देता आली नाही. गुन्हेगाराची आठवण वाचताना ही गप्प झालेली माणसे वाचकाने विसरता कामा नये.

मग अशा पुस्तकांवर बंदी घालावी काय? अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९७७ साली एक कायदा केला. गुन्हेगाराला आपली कहाणी विकून मिळणारा पैसा त्याच्या हाती न देता, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी राखून ठेवावा, असा त्याचा आशय होता. १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक ठरवून रद्द केला. कायद्यामागील भावना योग्य होती, आणि न्यायालयाची भीतीही खोटी नव्हती. आज गुन्हेगाराच्या हातून लेखणी काढून घेतली, तर उद्या सत्तेला न आवडणाऱ्या कोणाच्याही हातून ती काढून घेता येईल. म्हणून बंदीपेक्षा वाचकाचा विवेक अधिक भरवशाचा. हे पुस्तक कोणासाठी लिहिले आहे आणि यात कोण बोलत नाही, हे दोन प्रश्न विचारणारा वाचक सहसा फसत नाही.

अनावश्यक आठवणींनी पैसा व वेळ वाया जातो, ही हानी लहान आहे. खरी हानी वेगळीच आहे. प्रसिद्ध माणसाचेच आयुष्य नोंदवण्याजोगे असते, असा समज त्या पसरवतात. शाळा मध्येच सुटलेली आणि मोठेपणी पुन्हा पुस्तक हाती घेणारी कितीतरी माणसे म्हणतात, ‘आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे?’ पुष्कळ आहे. वीटभट्टीवरचा दिवस कसा उजाडतो, धरणात गेलेल्या गावाचा बाजार कोठे भरत असे, आजी दळण दळताना काय सांगे, हे ज्याने पाहिले त्यानेच लिहायचे असते. त्याने ते लिहिले नाही, तर दुसरा कोणी लिहिणार नाही.