साधनाचा पैसा आणि गोष्टीचा पैसा

मे 2025 मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'वेव्हज' ही दृकश्राव्य आणि मनोरंजन क्षेत्राची जागतिक परिषद भरली. त्याच्या दोन महिने आधी केंद्र सरकारने डिजिटल आशयनिर्मात्यांसाठी 1 अब्ज डॉलरच्या निधीची घोषणा केली होती, आणि गोरेगावच्या चित्रनगरीत होणाऱ्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीसाठी 391 कोटी रुपये जाहीर केले होते. मराठी करमणूक क्षेत्रात आधीपासून बोललं जाणारं एक वाक्य त्यामुळे आणखी ठासून बोललं जाऊ लागलं. आपल्याकडे गोष्टी आहेत, नट आहेत, लेखक आहेत, प्रेक्षकही आहे. नाही ते फक्त व्हेंचर कॅपिटल, म्हणजे जोखीम घेणाऱ्या फंडांचा पैसा. बंगळुरूतले मोठे फंड एकदा इकडे वळले की मराठी ओटीटी, मराठी ऑडिओ, मराठी व्हिडिओ ॲप सगळं उभं राहील.

हे म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि ते खरं मानून पावलं टाकली तर मराठी लेखक-कलावंतांचं नुकसान होईल, असंही वाटतं.

मात्र याच्या उलट बाजूला जे उभे आहेत त्यांच्याशीही माझं जमत नाही. व्हेंचर कॅपिटल म्हणजे सूटबुटातला सट्टा, असं ते सरसकट म्हणतात. त्यांनी आपला मोबाइल उघडून पाहावा. व्हॉट्सॲप 2009 साली सुरू झालं. सिकोया या फंडाने त्यात दोन हप्त्यांत मिळून सुमारे 6 कोटी डॉलर घातले. 2014 च्या फेब्रुवारीत फेसबुकने ते 19 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा कंपनीत जेमतेम 55 माणसं होती आणि महिन्याला 45 कोटी लोक ते वापरत होते. जाहिरात नाही, वर्गणी नाममात्र. असल्या धंद्याला कोणत्या बँकेने कर्ज दिलं असतं? तारण काय ठेवणार होते? आज लासलगावच्या बाजार समितीत सकाळी कांद्याचा लिलाव सुरू झाला की किमान, कमाल आणि सरासरी भावाचा आकडा काही मिनिटांत निफाड-येवल्याच्या गटांवर फिरतो, आणि शेतकरी आज ट्रॅक्टर जोडायचा की दोन दिवस थांबायचं ते घरबसल्या ठरवतो. ही सोय जोखमीच्या पैशातून उभी राहिली आहे. तिला सट्टा म्हणणं अन्यायाचं आहे.

तेव्हा प्रश्न हा पैसा चांगला की वाईट असा नाहीच. तो कोणत्या कामाला लागू पडतो आणि कोणत्या कामाची वाट लावतो, हा आहे.

त्यासाठी फंडाचं गणित समजून घ्यावं लागतं, आणि ते फारसं अवघड नाही. फंड चालवणारे पैसा दुसऱ्यांचा आणतात: पेन्शन फंडांचा, विद्यापीठांचा, श्रीमंत घराण्यांचा. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. चालवणाऱ्यांना दरसाल दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि नफ्यात वीस टक्क्यांच्या आसपास वाटा, हा रूढ करार. समजा 100 कोटींचा फंड आहे आणि तो दहा कंपन्यांत वाटला. अनुभव असा, की त्यातल्या निम्म्याहून अधिक बुडतात किंवा कशाबशा मुद्दल परत करतात. म्हणून उरलेल्या एकदोघींनी सगळ्यांची भरपाई करून वर नफा द्यायचा असतो. आणि त्या एकदोघी कोणत्या हे आधी ठाऊक नसल्याने, दहाही कंपन्यांकडून वीसपट-पन्नासपट वाढीची अपेक्षा धरावी लागते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. फंडाची रचनाच तशी आहे.

आता या गणितात एक मराठी वेबमालिका बसवून पाहा. 1 कोटी रुपये खर्च केले, दोन वर्षांत 1 कोटी 40 लाख परत आले. कुठल्याही मराठी निर्मात्याला विचारा, तो याला उत्तम धंदा म्हणेल आणि लगेच पुढच्या कामाला लागेल. फंडाच्या दृष्टीने मात्र ही कंपनी निकामी आहे. तिच्यात आणखी 50 कोटी ओतले तर 70 कोटी निघणार नाहीत, कारण दुसरी मालिका पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागते, नटांच्या तारखा घ्याव्या लागतात, चित्रीकरणाचा खर्च पुन्हा तेवढाच येतो, आणि ती चालेलच याची हमी पहिल्या मालिकेच्या यशातून मिळत नाही. व्हॉट्सॲपसारख्या साधनाचं तसं नसतं. व्हॉट्सॲपवर एक माणूस वाढला की बनवणाऱ्याचा खर्च जवळपास वाढत नाही आणि आधीच्या प्रत्येकाला त्याचा उपयोग मात्र वाढतो. व्हेंचर कॅपिटल या वाढीसाठी जन्मलेलं आहे. गोष्टीत ही वाढ नाही.

याचा सर्वांत महागडा धडा अमेरिकेत मिळाला. डिस्ने स्टुडिओचे माजी प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि ईबे-एचपी चालवलेल्या मेग व्हिटमन यांनी क्विबी नावाचं ॲप काढलं. मोबाइलवर पाहण्यासाठी दहा मिनिटांच्या आतले भाग, त्यात मोठमोठे दिग्दर्शक आणि नट. एक प्रेक्षकही नव्हता तेव्हा 1.75 अब्ज डॉलर जमले. त्यातला बराच पैसा हॉलिवूडच्या स्टुडिओंचाच होता, पण विचार अस्सल व्हेंचरचा: आधी प्रचंड भांडवल, मग प्रचंड वेग. 6 एप्रिल 2020 ला ते सुरू झालं आणि 21 ऑक्टोबरला बंद करत असल्याची घोषणा झाली. टाळेबंदीत सारं जग घरी बसून मोबाइल पाहत होतं, तेव्हाची ही गोष्ट. बंद पडताना चालकांनी वेळेलाही दोष दिला. मला तो पटत नाही. त्याच महिन्यांत लोकांनी टिकटॉक आणि यूट्यूबवर तासन्‌तास घालवले. लोकांना लहान व्हिडिओ हवे होते. क्विबीचे नको होते.

आपल्याकडचं उदाहरण जास्त जवळचं आहे. 29 जून 2020 ला केंद्राने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलंमुली तिथे नाचत, विनोद करत, शेतातून व्हिडिओ टाकत होती. टिकटॉकची जागा पकडायला शेअरचॅटने काही दिवसांत मोज काढलं, डेलीहंटवाल्यांनी जोश काढलं, शिवाय एमएक्स टकाटक, चिंगारी, मित्रों आणि रोपोसो. पैशाचा पूर आला. 2022 मध्ये शेअरचॅट आणि डेलीहंटची मूळ कंपनी व्हर्से या दोघांचंही मूल्यांकन 5 अब्ज डॉलरच्या घरात गेलं. तो पैसा गेला कुठे? जाहिरातींवर, ॲप डाउनलोड करून घेण्यावर, आणि व्हिडिओ करणाऱ्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी दिलेल्या मानधनांवर. दरम्यान जुलै 2020 मध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. प्रेक्षक तिकडे गेले, त्यांच्यामागे व्हिडिओ करणारेही गेले. 2023 च्या जानेवारीत शेअरचॅटने जवळपास वीस टक्के माणसं कमी केली.

हे सगळे लोक मूर्ख होते असं मी म्हणत नाही. शेअरचॅट काढणारी आयआयटी कानपूरची मुलं हुशार होती, आणि मराठीसह पंधरा भारतीय भाषांत आपलं माणूस आपल्या भाषेत बोलेल ही त्यांची कल्पना मोलाची होती. ते संपर्काचं साधन म्हणून निघाले तोवर त्यांना मिळालेला पैसा योग्य जागी होता. कू हे ट्विटरसारखं भारतीय ॲपही 2024 च्या जुलैत बंद पडलं. त्याचं मला वाईट वाटलं, पण तो पैसाही चुकीच्या जागी नव्हता. साधन फसू शकतं, ती जोखीम घेण्यासाठीच व्हेंचर कॅपिटल आहे. चूक तिथे झाली जिथे कलावंताच्या कामाचीही साधनासारखीच वाढ होईल असं धरून चाललं गेलं. हप्त्याहप्त्याने मानधन देऊन उभा केलेला कलावंत मानधन थांबल्या दिवशी निघून जातो, कारण त्या ॲपशी त्याचं दुसरं नातंच जुळलेलं नसतं.

इथे कुणी नेटफ्लिक्सचं नाव घेईल. घ्यावं, कारण तारखा पाहिल्या की ते उदाहरण माझ्याच बाजूला येतं. नेटफ्लिक्समध्ये व्हेंचरचा पैसा होता तेव्हा ती डीव्हीडी टपालाने पाठवणारी कंपनी होती, म्हणजे साधनच. 2002 मध्ये ती शेअर बाजारात गेली, स्ट्रीमिंग 2007 मध्ये आलं, आणि 'हाउस ऑफ कार्ड्स' ही मालिका 2013 मध्ये. स्वतःच्या गोष्टी तिने सदस्यांच्या वर्गणीतून आणि पुढे कर्जातून केल्या. स्पॉटिफायची कथाही बोलकी आहे. ती संगीत बनवत नाही, पोहोचवते. तरी उत्पन्नाचा सुमारे दोनतृतीयांश भाग हक्कधारकांना द्यावा लागत असल्याने तिला पहिला पूर्ण वर्षाचा नफा दिसायला 2024 उजाडलं.

मग भारतातल्या डिजिटल करमणुकीत फंडांना हवी तशी वाढ मिळाली कुठे? पैसे लावून खेळायच्या खेळांत. मुंबईच्या ड्रीम11 या फँटसी क्रिकेट ॲपची मूळ कंपनी 2021 च्या नोव्हेंबरात 8 अब्ज डॉलरची ठरली. हा खेळ कौशल्याचा आहे असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिलेला होता, तेव्हा कंपनी कायद्याच्या चौकटीतच होती. पण वाढ कशातून आली ते पाहिलं पाहिजे. इथे नवी गोष्ट लिहावी लागत नाही, सामना दुसराच कुणी भरवतो, आणि प्रत्येक खेळणारा आपल्या खिशातला पैसा घेऊन येतो. शेअरचॅटनेही जीत11 नावाचा असा खेळ चालवून पाहिला होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि सगळा डोलारा काही दिवसांत आटोपला. वीसपट वाढीची अट घालून करमणुकीत पैसा सोडला की तो उताराला लागतो तो याच दिशेने. मराठी गोष्टींसाठी असल्या पैशाची वाट पाहणाऱ्यांनी हे आधी बघावं.

पण मग गोष्टीला जोखमीचा पैसा नको का? हवाच, आणि आज तो फार कमी आहे. राज्य सरकारचं मराठी चित्रपटांना अनुदान आहे, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. कोऱ्या कागदावर विश्वास टाकणारा पैसा त्यात नाही.

असा पैसा इथे मिळाला होता, हे आपण विसरलो आहोत. दादासाहेब फाळके 1912 मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. हातात यंत्र होतं, चित्रपटाला पैसा नव्हता. मग त्यांनी वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, वेल वर चढला. निवडक लोकांना ते दाखवलं, आणि यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांच्यासारखे कर्ज द्यायला तयार झाले. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. देणाऱ्यांनी एका कामावर पैसा लावला होता. भारतातला सगळा सिनेमा दहा वर्षांत गिळून दाखवा, अशी अट त्यात नव्हती. पुढे 1918 मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, तेव्हा मात्र कारभारावरून मतभेद झाले आणि फाळके सगळं सोडून काशीला निघून गेले.

तमाशाचंही पाहा. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत गादीवर व्यवस्थापक आणि पुढ्यात वही. गावोगावचे यात्रा कमिटीवाले एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात, कोण नाचणारी आहे, वगनाट्य कोणतं, विचारतात, घासाघीस करतात, आणि सुपारी दिली की वहीत तारीख पक्की होते. ज्याला खेळ बघायचा त्याचाच पैसा आधी येतो. याची दुखरी बाजूही आहे: कलावंतांना द्यायच्या उचलीसाठी फडमालक सावकाराकडून जबर व्याजाने पैसा घेतो, आणि यात्रा बुडाली की तोच बुडतो. 2020 आणि 2021 मध्ये कोरोनाने हे घडवलंच. म्हणजे प्रेक्षकाची सुपारी होती, जोखीम वाटून घेणारा पैसा नव्हता.

सरकारच्या नव्या निधीने तो पैसा व्हावं, असं माझं मागणं आहे. त्याने गोष्टींच्या बाबतीत कंपन्यांचे शेअर घेऊ नयेत. एकेका कामाला पैसा द्यावा: या मालिकेला, या ऑडिओ कादंबरीला, या ॲनिमेशनला. परतावा त्या कामाच्या मिळकतीतून ठरलेल्या हिश्श्याने घ्यावा, मुद्दल आणि माफक नफा सुटला की हिस्सा थांबावा, आणि काम बुडालं तर ते कर्ज म्हणून लेखकाच्या मानेवर बसू नये. दहा कामांपैकी चार बुडाली, चार बरोबरीत सुटली आणि दोन कामांनी चांगलं कमावलं, तरी हा व्यवहार आटोक्यातल्या तोट्यात राहू शकतो. आणि कथेचा, व्यक्तिरेखांचा हक्क लिहिणाऱ्याकडे राहिला पाहिजे. यावर मी अडून बसेन. फंड कंपनी विकून निघून गेला की तिच्याबरोबर हक्कही जातात, आणि आपणच लिहिलेल्या गोष्टीचा पुढचा भाग लिहायला लेखकाला परवानगी मागावी लागते.

व्हेंचर कॅपिटलला साधनांत भरपूर काम आहे. मराठी बोलणं अचूक टिपणारं यंत्र, त्यातही मालवणी, अहिराणी, वऱ्हाडीला अडखळणार नाही असं. ओठांशी जुळणारं डबिंग. पाच रुपयांची वर्गणी गोळा करताना तोटा होणार नाही अशी देयव्यवस्था. मोबाइलवर देवनागरी लिहिणं सोपं करणारा स्वरचक्र हा कळफलक आयआयटी मुंबईत, सार्वजनिक संस्थेत झाला. तिथून पुढचा पल्ला गाठायला जोखीम घेणाऱ्या फंडांनी यावं, वीसपट कमवावं, माझी काही हरकत नाही.

1 अब्ज डॉलरच्या निधीचे नियम लिहिणाऱ्यांनी साधनं आणि गोष्टी यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. साधनांच्या खात्याने कंपन्यांची मूल्यांकनं खुशाल छापावीत. गोष्टींच्या खात्याने दरवर्षी छापावं ते एवढंच: किती कामं पुरी झाली, कोणत्या भाषेत झाली, आणि त्यांतल्या किती लेखकांकडे हक्क अजून शाबूत आहेत.