धून कुणाकडून घेतली, तेही लिहा

मी देवासला मुलांना गाणं शिकवते. मालवती, संजारी, अहिमोहिनी हे राग आले की कुमार गंधर्वांचं नाव येतंच. पण त्यांनीच या रागांना 'धुनउगम', म्हणजे धुनांतून उगवलेले, म्हटलं होतं, हे मी मुलांना आधी सांगते. 1948 मध्ये क्षयाने आजारी होऊन कुमारजी इथे आले. गायची मनाई होती, ऐकायची नव्हती. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे त्यांनी ती जमवली, त्यांचं स्वरलेखन केलं. राग लोकधुनांतूनच उगवले, हे त्यांचं ठाम म्हणणं होतं. 1965 मध्ये मौज प्रकाशनाने त्यांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ छापला.

त्या बायका कोण होत्या? रागाशेजारी कुमारजींचं नाव घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. बायकांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इंग्लंडमध्ये 1903 साली लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एका माळ्याचं गाणं ऐकून उतरवून घेतलं. त्या माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. सव्वाशे वर्षं होत आली, तरी ते नाव आजही घेतलं जातं. तिथे फिडलवर वाजणाऱ्या कितीतरी जुन्या धुना मुळात कुणी बांधल्या, ते कळायला मार्ग नाही. पण कुणाकडून मिळाली, एवढं तरी लिहून ठेवता येतं.

आमच्या शेजारच्या मावशी संजाची गाणी दोन तऱ्हांनी म्हणतात. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, तेव्हाची ही गाणी. आपल्या भुलाबाईची आठवण यावी अशी. सासरची देवासकडची चाल शेवटी वरच थांबते, माहेरची धारकडची खाली षड्जावर येते. ही माहेरची चाल त्या आत्याकडून शिकल्या. एवढ्याशा फरकात धुनेचा सगळा प्रवास आहे, आणि मावशींबरोबर तो जाईल.

पवारांच्या मागोमाग आलेली आपली मराठी घरं धार-देवासमध्ये पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. आपल्या लग्नांत मंगलाष्टकांइतकीच बन्ना-बन्नीची गाणीही होतात. ती म्हणणाऱ्या बाईला विचारून फोनवर ध्वनिमुद्रण करा. सोबत तिचं नाव, माहेर, प्रसंग आणि ती कुणाकडून शिकली, हे लिहा. येत्या पितृपक्षातच सुरुवात करा.